कुणी रे अडविला

“यंदा तूच ये हां न्हेवक. दुसऱ्या कोणाक धाडू नको. मी पिशवी भरून दारात बसतंय.”

धाकटी बहीण माला हे बोलली त्याला बावीस वर्षं झाली. बोलताना तिने रिसीव्हर ओठांना इतका लावून धरला असावा की तिच्या श्वासाचा वारा थेट जयरामच्या कानात शिरला होता. सासरच्या गावातल्या वाण्याच्या दुकानातला फोन. मागे कोणी तरी गूळ फोडत होतं, ठक्, ठक्, आणि दर ठोक्याला ती जराशी थांबत होती, जणू तो ठोका तिला विचारूनच पडत होता. जयराम ‘होय गो’ म्हणाला होता. होय गो, येतंय. एवढं म्हणायला काय लागतं? त्या आवाजाला वय चढलं नाही. बाकी सगळ्याला चढलं. वाण्याचं दुकान गेलं, तो काळा फोन गेला, जयरामची कानशिलं पिकली, कुवेतच्या बतक्यावरचा, तिथल्या ओळखपत्रावरचा, त्याचा फोटो चारदा बदलला. माला मात्र अजून वीस वर्षांची, अजून पिशवी घेऊन दारात बसलेली. पहाटे कामाच्या बसमध्ये काचेला कपाळ टेकलं की ती बोलायला लागते. कधी तो खैतानच्या खोलीत, सहाजणांच्या स्वयंपाकाचा कांदा चिरत बसलेला असतो आणि खोलीतला सोबती तौफीक म्हणतो, “काय रे, कोणाला होय-होय करतोयस? बायको फोनवर नाही, फोन तिकडे चार्जिंगला आहे.” तेव्हा जयरामला कळतं की आपण मोठ्याने बोललो.

पण त्या दिवशी ऐकू आलं ते आतून नव्हतं आलं. ते बाहेरून आलं.

कुवेतमध्येच, अबू हलीफाच्या किनाऱ्यावर, फ्लॅटच्या उंच इमारती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत तिथे, वाळूत एक घर उभं करायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. घर म्हणजे नुसती पुढची भिंत. एक दार, एक उंबरा, दारालगत दिव्यापुरती देवळी. मागे खोली नाही, माजघर नाही; मागे लाकडी टेकू, आणि टेकूंच्या मागे लगेच समुद्र. सिनेमासाठी होतं. कुणाचा सिनेमा, कसला, हे सुताराला कोण सांगतो? कागदावर मापं दिली होती, त्यातलं उंबऱ्याच्या उंचीचं तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. फोरमन म्हणाला, “गाँव का घर है भाई, तुम देख लो.” जयरामने बघून घेतलं. चार दिवस रंधा मारला. उंबरा बसवून झाल्यावर त्याने सवयीने त्यावर टाच ठेवली, आणि टाच नेमकी त्या उंचीवर टेकली जिथे ती पस्तीस वर्षांपूर्वी, शाळेतून धावत येताना, टेकायची. डोक्याला न विचारता हातांनी आपल्या घरचं माप घेतलं होतं. तो बराच वेळ वाकून त्या लाकडाकडे बघत राहिला. तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं. आजारी आहे म्हणून सांगून खैतानच्या खोलीत पडून राहायला हवं होतं. पण पाचव्या दिवशीही तो आला, आणि दुपारी चारच्या सुमाराला शिडीवर चढून चौकटीच्या वरच्या पट्टीला खिळा ठोकत असताना, वाळूत रोवलेल्या दोन मोठ्या लाउडस्पीकरांमधून आधी खरखर आली, मग एक शिट्टी, आणि मग दगडावर दगड फिरल्याची घरघर. आणि त्या घरघरीवर तोल सांभाळत चालणारा, कडेला जरासा फाटलेला, त्याच्या आईचा आवाज.

सांजावल्या वेळे, दिवा ठेविते मी दारी
कुणी रे अडविला, माझ्या बाईचा मुराळी

हातोडी सुटली. खाली शिडी धरून तौफीक उभा होता, तो कसाबसा बाजूला झाला. “अरे बाबा! टाळक्यात बसली असती तर आज पेटीतून रत्नागिरीला गेलो असतो मी! कफील शेठचं तिकीट वाचलं असतं तेवढं.” जयरामला ते ऐकू आलं आणि आलं नाही. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही, तिचा आवाज शेवटचा ऐकला तो फोनवर, आणि तेव्हा तो नुसता खोकला होता. आता तो आवाज चांगला सहा फूट उंचीच्या काळ्या खोक्यांमधून, पन्नास वर्षांच्या बाईचा ताजा भरलेला आवाज, अबू हलीफाच्या वाळूवर पसरत होता. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी कुणी बाई थबकून बघत होती. ओवी संपली. आवाजवाल्याने बटण मागे नेलं आणि आई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. कुणी रे अडविला. मग पुन्हा. जयराम शिडीच्या पायरीला दोन्ही हातांनी धरून राहिला, जसं माणूस पुराच्या पाण्यात झाडाला धरतो, आणि त्याला कळलं की हा सिनेमा कुणाचा: बावीस वर्षांपूर्वी गावात येऊन आईचा हा आवाज भरून नेणाऱ्या बाईचा.

गावात तिला ‘फ्रेंच बाय’ म्हणायचे. तिचं नाव सोलांज. जयराम तिला मादाम म्हणायचा, कारण तिच्याबरोबरचे दोघे तसं म्हणायचे. तो बावीस वर्षांचा होता, गोव्याच्या एका गेस्ट हाउसमध्ये दोन हंगाम काम करून इंग्रजी तोंडात बसवून आला होता, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. पावसाळ्यात ती आली, शाळेच्या एका वर्गात राहिली. तिच्याच तोंडून त्याने ऐकलं होतं, तरुणपणी तिने तीन हसवणारे सिनेमे केले होते, थिएटरं भरभरून गेली होती, रस्त्यात लोक तिला अडवून त्यातली वाक्यं म्हणून दाखवायचे. आणि एक दिवस तिने ते सगळं सोडलं. “लोक हसत बाहेर पडायचे,” ती म्हणायची, “आणि दाराबाहेर छत्री उघडेपर्यंत विसरलेले असायचे.” त्यानंतर ती ज्या प्रकारचे सिनेमे करायला लागली तसा एक करायला ती त्यांच्या गावात आली होती. ती पागोळी गळताना अर्धा अर्धा तास टिपत बसे. ओल्या भिंतीवरून चालणारी गोगलगाय टिपण्यात तिने एक अख्खी सकाळ घालवली. विहिरीवरच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या, “ह्या बायेक घरात काम नाय काय गो?” जयराम ते तिला सांगताना म्हणायचा, त्या तुमचं कौतुक करताहेत. ती मान लववून त्यांना नमस्कार करायची आणि बाया आणखी हसायच्या. सगळं त्याच्या तोंडातून जायचं. तिचं गावाकडे, गावाचं तिच्याकडे. वाटेत तो थोडं इकडचं तिकडे करायचा, खरबरीत कोपरे तासायचा. पुढे आयुष्यभर लाकडाचं जे करणार होता ते तेव्हा शब्दांचं करत होता, आणि कुणाला त्याचा भुसा दिसत नव्हता.

आणि मग गणपती आले. गौरीला लेकीला माहेरी आणायचं, आणि आणायला माहेरचं माणूस जायला हवं; तो मुराळी. मुराळ्याशिवाय सुनेला उंबऱ्याबाहेर पाठवायची नाही, अशी मालाच्या सासरची रीत होती. तिथे एसटी जात होती, वाट तीन तासांची, माला दहावी शिकलेली. पण एकटी आलेली लेक म्हणजे जिला विचारणारं कुणी नाही अशी लेक. म्हणून तिने वाण्याच्या दुकानात जाऊन फोन केला. म्हणून ती पिशवी भरून दारात बसली. आणि जयराम गेला नाही. बाईने अडवलं. त्या दिवशी आठवडाभराने ढग फाटले होते, तिला तो उजेड हवा होता, तिला माणूस हवं होतं, आणि तिने अडवलं. हे वाक्य जयरामपाशी बावीस वर्षं होतं. कुवेतला आला तेव्हा सोबत आणलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये हे होतं. पन्नास अंशांच्या उन्हात मचाणावर उभा असताना, रमजानात बंद बकाल्याच्या, किराणा दुकानाच्या, पायरीवर तौफीकची वाट बघत बसलेला असताना, मुलीच्या बारशाचे फोटो फोनवर बघताना, छातीत काही वर यायला लागलं की तो त्या वाक्यावर हात ठेवायचा. बाईने अडवलं. ते वर येणारं मग हळूहळू खाली बसायचं.

गौरीच्या संध्याकाळी, दिवसभर दारात बसून, जावांचे टोमणे ऐकून (“काय गो, तुझो मुराळी विमानान येतलो वाटता”), माला उठली आणि एकटीच निघाली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती ओढ्याच्या वाटेने गेली. ओढ्यावर साकव होता, पोफळीच्या खोडांचा, आणि वर डोंगरात पाऊस झालेला. पाय घसरला म्हणाले. तिसऱ्या दिवशी निरोप आला. त्याच्या आदल्या दिवशी मादाम सामान बांधून गोव्याला, तिथून विमानाने आपल्या देशी गेली होती. पिशवी चौथ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाली. तिच्यात आईसाठी चोळीचं कापड होतं आणि जयरामसाठी एक रुमाल, ज्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने ‘ज’ काढला होता, आणि तो ‘ज’ अर्धाच झाला होता. दारात बसल्या बसल्या भरत होती बहुधा.

फेब्रुवारीत मादाम परत आली. सिनेमाला शेवट मिळत नाही म्हणाली. जीपमधून उतरताच तिने जयरामच्या गालाला गाल लावला आणि विचारलं, “तुझी बहीण कशी आहे?” तो म्हणाला, “सासरी आहे.” दोन शब्द. पुढे जे झालं ते या दोन शब्दांवर एकावर एक रचत गेलं. मादामला माळ्यावर पडलेलं जातं दिसलं, तिने ते खाली काढायला लावलं. आई म्हणाली, “दळपाक गिरण आसा, मगे ह्या कित्याक?” पण ती बसली. पाच महिने ती कुणाशी धड बोलली नव्हती, जयरामशी तर नाहीच. ताट पुढे सरकवायची आणि पाठ करायची. खुंट्याला हात लागताच मात्र तिच्या गळ्यातून ओव्या अशा निघाल्या जशा बांध फुटल्यावर वाफ्यातून निघतात, आधी बारीक, गढूळ, मग धार. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. ती त्याच्याकडे, आवाज टिपायची काठी धरून उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडे बघत होती.

साकव ओलांडून, येतो वारा, येते पाणी
नाही आली माझी, लेक गुणाची शहाणी

दगडाच्या जात्या, तुझ्या पोटी नाही माया
पुसते लेकाला, कुठे ठेविली रे बया

आणि मग ती दिव्याची. ती तिने तीनदा म्हटली. पीठ संपलं होतं, दगडावर दगड फिरत होता, तरी म्हटली. कॅमेरा थांबल्यावर मादाम डोळे पुसत त्याच्याजवळ आली. “काय म्हणते ती? नीट, शब्दाला शब्द सांग.” आणि जयरामने सांगितलं, संध्याकाळ झाली आहे, ती दारात दिवा ठेवते आहे, कारण भाऊ आला, बहिणीला घेऊन आला. खरं सांगितलं असतं तर तो प्रश्न होता, आणि तो प्रश्न एकदा इंग्रजीत गेला असता तर त्याचं उत्तरही त्याला इंग्रजीत द्यावं लागलं असतं. मादामचा चेहरा उजळला. तिने टाळ्या वाजवल्या, आईचे पिठाने भरलेले दोन्ही हात हातात घेतले, आणि हसली. आपल्याला शेवट मिळाला असं ती म्हणत होती. रात्रीच्या जेवणानंतर आईने पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपणहून हाक मारली.

“तिका सांगलंस मां, मी काय म्हटलंय ता?”

“होय.”

“सगळा?”

“सगळा, आई.”

आईने विस्तवावर राख ओढली. मग म्हणाली, “मगे ती हसली कित्याक?”

तिने पुन्हा विचारलं नाही. पण पुढे गावात कुणी पाहुणा आला की आई सांगायची, माझा दुःख लांब लांब गेला हां, फ्रान्साक गेला, थंयची माणसा ऐकतत. ती त्यावर जगली. आपला प्रश्न कुठे तरी, ज्यांना कळतो अशा माणसांत पोचला, यावर ती तेरा वर्षं जगली आणि मेली.

“जय!”

शिडीखाली मादाम उभी होती. केस पार पांढरे, हातात काठी, अंगावर कुठल्याशा बाजारातला सैल अरबी झगा. पण डोळे तेच, पागोळीकडे बघायचे तसे बघणारे. आधी तिने नुसतं वर बघितलं होतं, सुताराला काय झालं म्हणून. मग काठी वाळूत टाकून दिली. जयराम उतरला तसा तिने त्याच्या भुशाने माखलेल्या गालाला गाल लावला, आणि मागे वळून सगळ्यांना, मुंबईच्या नटीला, लेबनानच्या कॅमेरावाल्याला, चहा घेऊन जाणाऱ्यालाही, ओरडून सांगायला लागली की हा, हाच तो, त्या आवाजाचा मुलगा, गावी माणूस पाठवून शोधलं तर कुणी दुबई म्हणालं कुणी मस्कत, आणि हा इथे माझं दार ठोकतोय! लोक टाळ्या वाजवायला लागले. तौफीक हातोडी हातात घेऊन आ वासून उभा. “आयला,” तो हळूच म्हणाला, “बारा वर्षं एका खोलीत झोपतो आणि हा सिनेमातला निघाला. घोरतो तर आपल्यासारखाच.”

तिने त्याला खुर्चीवर बसवलं. सुताराला त्या जागेत खुर्ची मिळत नसते. तो कडेला, अर्ध्या बुडाने बसला. ती भराभर बोलत होती आणि तो तिच्या काठीच्या टोकाला लागलेल्या वाळूकडे बघत होता. चाळीस वर्षं तिने लोक झोपी जातील असे सिनेमे केले, ती म्हणाली, आणि त्यातल्या एकाच ठिकाणी लोक जागे राहिले: तुझ्या आईपाशी. गाव, गोगलगाय, पागोळी सगळं विसरले, पण अनोळखी माणसं मला विमानतळावर गाठून विचारतात, तो भाऊ आला ना? दिवा लागला ना? “मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, जय. मला एकदा, मरायच्या आधी एकदा, पुन्हा भरलेलं थिएटर बघायचं आहे. मी परत आले आहे. ज्या सिनेमाला मी नाक मुरडत होते त्याच सिनेमाकडे. यात पाठलाग आहे, विमान आहे, दोन गाणी आहेत, नटी आहे. माझे जुने मित्र माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, म्हातारी विकली गेली. मी त्यांना सांगते, नाही, मला एक शेवट माहीत आहे जो खरा आहे. आखातात राबणारा भाऊ सगळं ओलांडून बहिणीला घरी आणतो, आणि या वाळूत त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं घर उभं राहतं. गोड शेवट खोटाच असतो असं मी चाळीस वर्षं शिकवत होते. पण हा खरा आहे. तुझ्या आईने दिला आहे. याच्या जिवावर मी परत आले.” मग तिने एक कागद पुढे केला. आईचं नाव त्यावर इंग्रजीत होतं, भागीरथी, अक्षरं अनोळखी दिसत होती. आवाज वापरायला वारसाची परवानगी. खाली रेघ, रेघेवर त्याने सही करायची. “आज संध्याकाळी तोच शॉट आहे. नंतर केलीस तरी चालेल, घाई नाही.”

त्याने कागदाची घडी केली आणि कामाच्या डगल्याच्या खिशात, खिळ्यांच्या पुडीशेजारी ठेवली. सही करायची आणि उद्या दुसऱ्या कामावर जायचं. आई नाही, माला नाही, गावात ज्यांना ओवी कळते त्या बायाही एकेक करून गेल्या. जगभरच्या काळोख्या थिएटरांत ती विचारत राहील, कुणी रे अडविला, आणि खाली अक्षरं येतील, भाऊ आला. आणि लोक, शेकडो लोक, हसतील. मगे ती हसली कित्याक? आणि सांगितलं तर ही म्हातारी, काठीवर रेललेली, मित्रांनी टाकलेली... आणि ती विचारेल, कुणी अडवलं? आणि तो काय सांगेल? तुम्ही, मादाम. तुम्ही अडवलंत. बावीस वर्षं जपलेलं वाक्य तिच्या मांडीवर ठेवून मोकळा होईल. त्याच्या जिभेवर ते आलंही. त्याने तोंड उघडलं.

“आणि ती कशी आहे, तुझी बहीण?” मादामच विचारत होती. चहाच्या कपावर दोन्ही हात शेकत, कुठे तरी लांब बघत हसत होती. “तुला आठवतं? तो सण. तुला तिला आणायला जायचं होतं. मी तुला जीप देत होते, ड्रायव्हर देत होते. मी म्हटलं, जा, उजेड काय, उद्याही येईल, बहीण वाट बघत असेल. आणि तू हलायला तयार नाहीस! म्हणालास, येईल ती आपली आपण, जवळ तर आहे. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तुझ्या कानांवर हेडफोन ठेवले होते. तुझा चेहरा! मी तो कधी विसरले नाही. पाऊस पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा.”

समुद्राकडून वारा आला आणि भिंतीमागचे टेकू करकरले. जयरामला ऐकू यायला लागलं. लाउडस्पीकर बंद होता, तरी. हेडफोनची ती उबदार, गोल, कानांवर बसलेली गादी. आत पानावरून थेंब सुटायच्या आधीचा आवाज, मुंगी चालल्याचा आवाज, सगळं गाव दूर गेलेलं, गुरं, चूल, वाडीतली हाकाहाक, आणि मधोमध तो एकटा, काठी धरून उभा, ज्याच्यावाचून चालत नाही असा माणूस. जन्मात पहिल्यांदा. जीपचं इंजिन खरंच चालू होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि तो हॉर्नही हेडफोनमधून किती सुंदर, किती लांबचा वाटला होता. त्याने हातानेच नको म्हटलं होतं. नुसता हात हलवला होता, माशी वारावी तसा. हा हात. यानेच आत्ता उंबरा बसवला. कुठे होतं हे इतकी वर्षं? की कधी लपलंच नव्हतं, आणि तोच त्याच्याकडे पाठ करून, रंधा मारत, भुशाचा ढीग वाढवत बसला होता? छातीत ते वर यायला लागलं. त्याने सवयीने वाक्यावर हात ठेवायला नेला, आणि तिथे काही नव्हतं.

“उजेड!” कुणी तरी ओरडलं. सूर्य इमारतींच्या मागे उतरत होता. दोन टॉवरच्या फटीतून एक तांबूस पट्टा वाळूवर आला होता, सरळ दारावर पडत होता, आणि दहा मिनिटांत जाणार होता. मादाम काठी टेकत उठली. नटी हातात निरांजन घेऊन उंबऱ्याआड उभी राहिली. मादामने जयरामचा दंड धरला आणि त्याला दारासमोर नेलं, आणि आवाजवाल्याकडून माइक घेऊन त्याच्या हातात दिला. “इथे कुणाला तिची भाषा येत नाही,” ती म्हणाली. “शॉटच्या आधी त्यांना तू सांग, ती काय म्हणते. तेव्हा मला सांगितलं होतंस ना, तसंच. मग त्यांचे चेहरे बरोबर येतील.” आणि तिने हात वर केला. सगळे गप्प झाले. जातं घरघरलं. आई म्हणाली,

सांजावल्या वेळे, दिवा ठेविते मी दारी
कुणी रे अडविला, माझ्या बाईचा मुराळी

ओवी संपली. लाउडस्पीकर नुसता श्वास घेतल्यासारखा वाजत राहिला. तीस-चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. मादाम, डोळ्यांत आधीच पाणी, ओठांवर हसू तयार ठेवून. तौफीक, टोपी हातात घेऊन. नटीच्या निरांजनातली वात वाऱ्याने आडवी होत होती आणि ती दुसऱ्या हाताचा आडोसा करून तिला जपत होती, आणि तिच्या पाठीमागे, दाराच्या चौकटीत, त्याने स्वतः मोजून ठेवलेल्या उंबऱ्यापलीकडे, घर नव्हतंच. काळं होत चाललेलं पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे काही नाही.

जयरामने माइक तोंडाजवळ नेला. इतका जवळ की त्याच्या श्वासाचा वारा सगळ्या किनाऱ्यावर ऐकू गेला.

“ती भाऊ आला म्हणत नाही, मादाम,” तो इंग्रजीत म्हणाला. “तिने असं कधीच म्हटलं नाही. ती विचारते आहे. दिवा लावून विचारते आहे, माझ्या मुलीला आणायला निघालेल्याला कुणी अडवलं. तो आलाच नाही. ती एकटी निघाली आणि ओढ्यात बुडाली. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

मादामचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून मादाम निघून गेली. काठी हळूच वाळूत आडवी झाली. दारावरचा तांबूस पट्टा बोटभर सरकला. जयराम तिच्याकडे बघत नव्हता. तो वळला, त्या दोन काळ्या खोक्यांकडे, जिथून अजून जात्याचा दगड कुठे तरी खोल फिरत असल्यासारखी घरघर येत होती, आणि आता जे बोलला ते इंग्रजीत नव्हतं, त्या वाळूवर फक्त तौफीकला कळेल अशा बोलीत होतं.

“आई, कोणी अडवूक नाय. जीप दारात उभी होती. मीच गेलंय नाय.”